आईला सांगितले: होय

मी काय काम करते असं कुणी विचारलं की मी आधी बघून घेते, समोरचा जेवत तर नाही ना. जेवत असेल तर "हॉस्पिटलात आहे" एवढंच सांगते आणि त्याच्या मुलांच्या परीक्षांची चौकशी सुरू करते. खरं उत्तर असं आहे की ग्वाल्हेरच्या एका मोठ्या रुग्णालयात नवजात बाळांच्या गंभीर आजारांवर संशोधन चालू आहे. कुठलं बाळ वाचतं, कुठलं जातं, आणि जातं ते नेमकं कशाने, हे शोधायचं. त्यात गेलेल्या बाळांच्या घरच्यांशी बोलायचं काम माझ्याकडे आहे.

बाळ महिन्याच्या आत दगावलं तर काही तासांत आम्ही घरच्यांपाशी जातो. बारीक सुईने फुप्फुसातला, यकृतातला कणभर भाग आणि थोडं रक्त घेऊ का, असं विचारतो. चिरफाड नसते. तासाभराच्या आत बाळ परत त्यांच्या हातात दिलं जातं. मग तपासण्या होतात, डॉक्टरांची समिती बसते, आणि चार-पाच महिन्यांनी एक कागद तयार होतो. बाळ कशाने गेलं ते त्यावर लिहिलेलं असतं. तो कागद घरी नेऊन आई आणि वडील दोघांना वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा आणि तसं फॉर्मवर नोंदवायचं, हेही मीच करते.

"त्या एवढ्याशा जिवाला गेल्यावर पण टोचता, काय मिळतं तुम्हाला?" असं माझ्या सख्ख्या बहिणीने विचारलं होतं. दिवाळीचा फराळ पुढ्यात होता, तरी मी उत्तर दिलं. म्हटलं, आपल्याकडे बाळ गेलं की कारणं शोधावी लागत नाहीत, ती आधीच घरात तयार असतात. नजर लागली, हवा लागली, ग्रहणात आईने सुरी हातात घेतली, दूध अडकलं. यातलं जवळजवळ प्रत्येक कारण फिरून आईवरच येतं. आम्ही त्या जागी खरं कारण ठेवतो. बहिणीने माझ्या ताटात आणखी एक करंजी ठेवली, आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तो अभिमान पुढे चांगलाच महागात पडला, पण मला नाही, दुसरीला.

मी मुळात भांडखोर आहे. इथल्याच शिंदे की छावनी या वस्तीत वाढले. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फौजेतले लोक, हळू बोलणं कुणाला ठाऊक नाही. कामात या स्वभावाचा उपयोगच झाला. शहराच्या मुरार भागात एका घरी कागद घेऊन गेले तर तिथला सासरा खाटेवरून उठेना. म्हणाला, "बहू को क्या बताना, हमें बता दो." मी म्हटलं, "बाबूजी, नौ महीने पेट में आपने रखा था क्या?" आणि उंबऱ्यातच बसकण मारली. अर्ध्या तासाने सून बाहेर आली. तिला सगळं वाचून दाखवलं, तेव्हाच उठले. आमच्या ऑफिसात ही गोष्ट बरेच दिवस चालली. नवीन येणाऱ्या मुलींना माझं उदाहरण देत.

त्यानंतर काही महिन्यांनी ते बाळ आलं. नऊ दिवसांचा मुलगा. बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव नव्हतं. फाईलवर आईचं नाव आणि पुढे 'का बच्चा' एवढंच. सकाळी आठच्या सुमाराला आजोबांनी शालीत गुंडाळून आणला होता, पण येईपर्यंत सगळं संपलेलं होतं. शेजारी बाळाचा बाप भिंतीला टेकून उभा होता. आई घरी होती, ओली बाळंतीण.

मी हिंदीत बोलायला सुरुवात केली. आम्हाला एक ठरावीक मजकूर दिलेला आहे, त्यातलाच शब्द वापरायचा. दोन वाक्यं झाली असतील, आजोबा मुलाला हळूच म्हणाले, "हिला सांग, आम्हाला हे काही नको." मराठीत. आणि मी मराठीतच उत्तर दिलं, "काका, नको असेल तर काहीच हरकत नाही. फक्त एकदा ऐकून घ्या."

त्यांचा चेहराच बदलला. आडनाव विचारलं, मी सांगितलं. कुठल्या, तर छावनीतल्या. ते शहरातल्याच खासगी बाजारचे. निवृत्त गणिताचे शिक्षक. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी दफ्तरात होते, हे त्यांनी सांगितलं नाही, पण आडनावावरून आम्हा लोकांना ते कळतंच. मी मजकूर बाजूला ठेवून घरच्यासारखं समजावलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "घरी सगळे म्हणून राहिले की दूध श्वासात गेलं. पहाटे पाजता पाजता सूनबाईचा डोळा लागला होता. कळलं तर बरंच. आपल्यातली मुलगी सांगते आहे म्हणजे विचार करूनच सांगत असणार." मुलाने सही केली. सुया झाल्या. बाळ परत देताना मी त्याची शाल नीट केली, आणि ते दोघं त्याला पुरायला गेले.

पाच महिन्यांनी कागद आला. फुप्फुसांत न्यूमोनिया, रक्तात जंतू. आजार जन्माच्या वेळचा किंवा त्याआधीचाच, आणि आत आत वाढत गेलेला. दूध श्वासनलिकेत गेल्याची कुठलीच खूण नव्हती. पहाटे आई जागी असती तरी बाळ गेलंच असतं.

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. असे कागद फार कमी येतात. बहुतेक कागदांवर कारण असतं आणि त्याने कुणाचंच काही हलकं होत नाही. हा कागद एका बाईच्या छातीवरचा धोंडा उचलणार होता. मी त्या दिवशी ऑटोतून खासगी बाजारला गेले ती जवळजवळ लग्नाची पत्रिका घेऊन चालल्यासारखी.

घर नीटनेटकं, दोन खोल्या पुढे, दोन मागे. काका समोर बसले, काकू दाराशी. मुलगा नोएडाला नोकरीवर परत गेलेला. काकांनी चष्मा लावून कागद स्वतःच वाचला, दोनदा, गणित तपासावं तसा. मग म्हणाले, "म्हणजे दुधाचं काही नव्हतं."

"नाही काका. काहीच नव्हतं. सूनबाईंना बोलावता का? त्यांना पण मला वाचून दाखवायचं आहे."

"आत्ता नको," ते म्हणाले. "आत्ता कुठे नीट जेवू लागली आहे. पुन्हा ते सगळं डोळ्यांसमोर येईल. मी सांगीन तिला, वेळ पाहून. मुलाला फोनवर सांगून देतो."

आणि मी, मुरारच्या उंबऱ्यात ठाण मांडणारी, म्हटलं, "बरं काका."

या 'बरं काका'चा मी नंतर खूप विचार केला. ते मला दरडावून बोलले असते तर मी भांडले असते. हिंदीत बोलले असते तरी भांडले असते. पण ते मऊ आवाजात मराठीत बोलले, आणि माझ्या अंगातलं सगळं वळण जागं झालं. मोठ्यांनी एकदा सांगितलं की पुन्हा विचारायचं नाही. दुसऱ्याच्या सुनेला आपण हाक मारायची नाही. त्यातून घर दफ्तरवाल्यांचं. अशा घरात गेलं की आमच्या माणसांचा आवाज आपोआप खाली येतो, शिकलेल्यांचासुद्धा. परक्यांकडे मी नियम पाळला आणि आपल्या माणसांकडे रीत पाळली.

चिवडा खाल्ला. काकूंनी कुंकू लावलं. ऑफिसात येऊन फॉर्म भरला. त्यात एक रकाना आहे, 'आईला सांगितले: होय / नाही'. 'नाही' म्हटलं की कारण लिहावं लागतं आणि पंधरा दिवसांत परत जावं लागतं. काका सांगणारच आहेत, मग झालंच की, असं म्हणून मी 'होय'वर खूण केली. खाली सही केली आणि फाईल कपाटात लावली.

पुढचा उन्हाळा गेला, त्याच्या पुढचा आला. एप्रिलमधली सकाळ होती. नवजात विभागात एक मुलगी दाखल झाल्याची चिठ्ठी आली: बावीस दिवस, जुलाब, ताप, सुस्त, अंगातलं पाणी संपत आलेलं. आजारी बाळ दाखल झालं की त्याचीही नोंद करायची असते, म्हणून मी गेले. आत नर्स एका बाईला झापत होती. "बोतल किसने बोली थी? अपना दूध क्यों नहीं पिलाया?" बाईच्या हातात प्लास्टिकची दुधाची बाटली होती, तळाशी पांढरा थर बसलेला. 

मी तिला ओळखलं नाही. ओळखणार कशी, कधी पाहिलीच नव्हती. बाहेर आले तर बाकावर खासगी बाजारच्या काकू बसल्या होत्या, आणि आतली बाई कोण ते मला कळलं. तरी मी मनाला समजावलं की दूध कमी आलं असेल, सिझेरियन असेल. माणूस स्वतःला समजावण्यात फार हुशार असतो.

मी पुन्हा आत गेले आणि तिच्याशी मराठीत बोलले. तिने चमकून पाहिलं. म्हटलं, "दूध आलं नव्हतं का?"

"आलं होतं ना ताई. खूप आलं होतं." तिने छातीवरून ओढणी घट्ट धरली. "मीच बांधून टाकलं. ओढणी कसून बांधायची ना, चार-पाच दिवसांत सुकून गेलं. माझं दूध नाही द्यायचं तिला. पहिला माझ्याच दुधाने गेला."

"असं कोण म्हणालं तुम्हाला? सासूबाई? सासरे?"

"कोणीच नाही. हेच तर ना. कोणी एक शब्द पण बोललं नाही. एवढं झालं घरात आणि माझ्यावर कोणी रागावलं पण नाही. पहिल्या दिवशी सगळे दूध, दूध म्हणून राहिले होते, मग एकदम सगळे चुप. मी खोलीत आली की विषयच बदलून जायचा. तेव्हाच मी समजून गेली."

 बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या काठाला धरून मी त्या मुलीकडे पाहत राहिले. तिचे डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे. हाताला सलाईन. एवढी लहान की पट्टी तिच्या हातापेक्षा मोठी दिसत होती.

मी धावत ऑफिसात गेले, जुनी फाईल काढली आणि तो कागद तिला तिथेच वाचून दाखवला. हळू, एक एक ओळ, मजकुरात दिलाय तसा.  संपल्यावर म्हणाली, "मतलब, मी जागी असती तरी?"

"तरी."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

मी सांगितलं.

तिने बोटांवर महिने मोजले. मग मुलीकडे वळली आणि नर्सला म्हणाली, "सिस्टर, आता पाजू? अब पिला दूँ?"

सुकवलेलं दूध असं लगेच परत येत नाही. ते माहीत असून त्या नर्सने, जिने सकाळी झापलं होतं, दर दोन तासांनी तिला बसवलं, छाती शेकली, हाताने पिळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वाटीत काही थेंब आले, चमच्याचा तळ जेमतेम झाकेल एवढे. ते नळीतून मुलीला दिले. तेवढ्याने आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला कुठेतरी पळून जावंसं वाटलं.

त्या दिवसांत काका मला आवारात भेटले. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. म्हटलं, "काका, तुम्ही सांगणार होता." त्यांनी चष्मा काढला. "वेळ पाहत होतो. मग ती बरी दिसू लागली, हसू-बोलू लागली. कशाला पुन्हा उकरायचं? आम्ही तिला कधी दोष दिला नाही. घरात सगळ्यांना ताकीद होती, त्या गोष्टीचा शब्द काढायचा नाही म्हणून." तिच्या नवऱ्याचं तर आणखी सोपं होतं. त्याला फोनवर कळलं होतं. त्याला वाटलं, घरी आई-बाबांनी सांगितलंच असेल. दुष्ट त्या घरात कुणीच नव्हतं. सगळे तिला जपत होते, आणि मी त्या जपण्यावर 'होय' अशी खूण केली होती. ज्याच्यावर ओरडावं असं मला कुणी उरलंच नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मुलगी गेली.

नियमाप्रमाणे मला विचारायचं होतं. वरच्या डॉक्टरांना मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाठवा. त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. मी गेले तेव्हा ती बाकावर बसली होती आणि सगळे तिच्याभोवती उभे होते. मी तोंड उघडायच्या आत तिने हात पुढे केला. "द्या. कुठे सही करायची ते माहीत आहे यांना, पण या वेळी मी करणार." नवरा काही बोलू लागला, काकांनी त्याला थांबवलं. सही झाल्यावर ती मला म्हणाली, "कागद आला की आधी माझ्याकडे आणायचा. मला वाचून दाखवायचं, मग बाकीच्यांना."

मी हो म्हटलं. हो म्हणतानाच मला कळत होतं की त्या कागदावर काय असणार. पंचवीस दिवसांची, बाटलीवरची, उन्हाळ्यातली मुलगी. त्यासाठी समितीची गरज नव्हती. ज्या कागदाने ती सुटली असती तो मी तिला दिला नाही, आणि ज्याच्यावर बाटलीचं नाव असणार तो तिने माझ्याकडून मागून घेतला होता.

सप्टेंबरात कागद आला. जंतू आतड्यांतून रक्तात पसरलेले. बाहेरच्या दुधातून, पाण्यातून किंवा बाटलीतून आले असण्याची दाट शक्यता. दोन दिवस मी तो टेबलाच्या खणात ठेवला. तिथे ठेवून त्यावरचा शब्द बदलणार नव्हता, हे मलाही कळत होतं.

खासगी बाजारात त्या घरी गेले तर काकाच दार उघडायला आले. मला पाहून त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, तुझ्याकडे आल्या आहेत." आणि आम्हाला पुढची खोली देऊन ते आणि काकू मागे गेले. पुढच्या खोलीत आम्ही दोघीच उरलो. ती जमिनीवर बसली म्हणून मीही बसले.

मी वाचलं. एकही शब्द गाळला नाही. 'बाटली' शब्द मी फार हळू वाचला, म्हणून तो पुन्हा वाचला.

ती म्हणाली, "मतलब, बाटलीने."

"दाट शक्यता आहे, असं लिहिलंय."

"बाटली मी दिली."

इथे मजकुरात सांगायला एक वाक्य आहे, 'यात आपली चूक नाही' असं काहीतरी. ते मी शंभर घरांत बोलले असेन. त्या दिवशी ते माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "तुम्ही बाटली दिली ती माझ्यामुळे. पहिला कागद माझ्या हातात होता. तुम्ही आत होता, मी बाहेर बसले होते. मी तुम्हाला बोलावलं नाही, आणि सांगितलं म्हणून लिहून टाकलं."

ती रडली नाही. मीच रडत होते, आणि ते तिच्यासमोर शोभत नव्हतं. ती माझ्याकडे बघत थांबली, मी थांबेपर्यंत.

"मग हे पण लिहा ना," ती म्हणाली. "ह्या कागदावर. कारण लिहिलं आहे ना तुम्ही लोकांनी, तर पूर्ण लिहा."

कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. खाली सहीच्या जागेच्या वर दोन बोटं जागा होती. मी मांडीवर फाईल ठेवली आणि लिहिलं: 'पहिल्या बाळाच्या मृत्यूचे कारण आईला सांगितलेले नव्हते. सांगितल्याची नोंद मी खोटी केली. त्यामुळे आईने या बाळाला अंगावर पाजले नाही.' खाली सही केली. कागद तिला दिला. तिने तो पूर्ण वाचला, वरपासून, आणि परत माझ्यासमोर ठेवला.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

मी त्या दिवसाची तारीख लिहायला लागले. तिने माझ्या पेनवर बोट ठेवलं.

"आजची नको. तेव्हाची टाका."

मी लिहिलेलं खोडलं आणि 'होय'वर खूण केली त्या दिवसाची तारीख टाकली. फाईल उघडून बघावं लागलं नाही.